न दिसणारे भूत

पावसाळ्यात आपल्या नंदिगड्ड्याच्या रानात एकदा अंधार उतरला, की कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्यांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. अशा वेळी घरातील एखादे वडीलधारे माणूस चकव्याची गोष्ट सांगू लागते आणि मुले एकमेकांना बिलगून बसतात. वास्तविक चकव्याला ना उलटी पावले, ना मोकळे केस! वाटसरू रोजच्या वाटेने निघतो, पुष्कळ चालतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो, एवढेच. तरीही हडळीच्या वर्णनापेक्षा ही गोष्ट मनात अधिक खोल रुतते. असे का व्हावे?

इंग्रजी वाङ्मयातील नामांकित भूतकथा वाचल्या म्हणजे या प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या लेखकाची ‘माकडाचा पंजा’ ही कथा 1902 साली प्रसिद्ध झाली. तीन इच्छा पुरविणारा एक मंतरलेला पंजा हिंदुस्थानातून परतलेल्या एका सैनिकाकडून एका सुखी कुटुंबात येतो. बाप सहज दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरण पावतो आणि भरपाई म्हणून मिळतात नेमके दोनशे पौंड! पुढे शोकाने वेडावलेल्या आईच्या हट्टापायी बाप मुलगा परत मागतो. मध्यरात्री दारावर थाप पडते. आई कडी काढू धावते. बाप चाचपडत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा करतो. दार उघडते तेव्हा बाहेर केवळ निर्जन रस्ता असतो.

दाराबाहेर काय होते, हे लेखक अखेरपर्यंत दाखवीत नाही. ते चित्र वाचक स्वतःच रंगवितो, आणि प्रत्येकाचे चित्र त्याच्या स्वतःच्या भीतीइतके भयंकर असते. शिवाय ही भीती एकटी येत नाही. ज्या मुलासाठी आईने जीव टाकला, त्यालाच दाराबाहेर ठेवावे असे बापाला का वाटले असेल? भयाच्या पोटात असे दुःख दडलेले असल्यामुळेच ही कथा विसरता येत नाही.

केंब्रिजचे विद्वान एम. आर. जेम्स (1862–1936) हे नाताळच्या सुमारास आपल्या मित्रांना स्वतः लिहिलेल्या भूतकथा वाचून दाखवीत. कथेची सुरुवात शांत, नेहमीच्या जीवनातून व्हावी, अशुभाने हळूच डोके वर काढावे आणि लेखकाने संयम सोडू नये, असे त्यांचे मत होते. त्यांच्या एका कथेत भुताखेतांवर विश्वास नसलेल्या प्राध्यापकांच्या खोलीत एक रिकामी खाट असते. एका रात्री त्या खाटेवरची चादरच आकार धारण करून उठते! जी चादर आपण रोज पांघरतो, तीच परकी झाली म्हणजे माणसाने आसरा कोठे शोधावा?

आपल्या मराठीतही नारायण धारप (1925–2008) यांनी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. ‘अलबत्या गलबत्या’ लिहून बालगोपाळांना हसविणारे रत्नाकर मतकरी (1938–2020) हेच गूढकथांचेही समर्थ लेखक होते, हे पाहून कित्येकांना नवल वाटेल. बाहेरच्या भुतापेक्षा माणसाच्या मनातील अंधार किती दाट असतो, हे त्यांच्या कथांतून प्रत्ययास येते.

आता पुन्हा चकव्याकडे वळू. सूर्य ढगांआड असताना अनोळखी रानात सरळ चालू पाहणारी माणसे नकळत वर्तुळात फिरतात, असे जर्मनीतील संशोधकांनी प्रयोग करून 2009 साली प्रसिद्ध केले. म्हणजे चकव्यास भूत मानण्याचे कारण नाही. पण म्हणून गोष्टीतील भय ओसरते काय? मुळीच नाही, कारण ते भय भुताचे नसून, ओळखीची वाट आपल्याला ओळखेनाशी होते त्या क्षणाचे असते. अंधश्रद्धा टाकून द्यावी. गोष्ट मात्र जपावी.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या पावसाळ्यात भावंडांना गोष्ट सांगाल तेव्हा एक प्रयोग अवश्य करा. भुताचे दात, नखे, डोळे सारे गाळून टाका. दारावर फक्त एक थाप पडू द्या आणि क्षणभर गप्प बसा. उरलेली गोष्ट ऐकणारेच पुरी करतील.