विद्येचे मोल

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव वर्षातील बहुतेक काळ साळावली धरणाच्या पाण्याखाली असते. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, विस्थापित झालेले गावकरी काही दिवसांसाठी परत येतात, देवाची पूजा करतात. आणि पाऊस सुरू झाला की गाव पुन्हा दिसेनासे होते. याच कुर्डीत 15 जुलै 1904 रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. गावाचे नाव त्यांनी आपल्या नावामागे लावले आणि धरणाला बुडविता येणार नाही अशा ठिकाणी ते नेऊन ठेवले.

मोगूबाई कुर्डीकरांच्या जीवनाविषयी लिहिताना ‘तपश्चर्या’ हा शब्द हटकून वापरला जातो. तो खोटा नाही. पण तो सोयीचा आहे. तपश्चर्या म्हटली की तिच्यातील यातना जणू साधकाने स्वतः पत्करलेल्या ठरतात आणि त्या कोणी लादल्या हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. मोगूबाईंच्या बाबतीत तो विचारणे आवश्यक आहे.

गोमंतकातील ज्या कलावंत समाजात त्यांचा जन्म झाला, त्या समाजातील स्त्रीला गाण्याची वाट मोकळी होती, परंतु प्रतिष्ठेची नव्हती. मुलीने गायिका व्हावे हा त्यांच्या आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास. मुलगी दहा वर्षांची असताना, 1914 मध्ये, ती माउलीही गेली. नाटक मंडळीतून वाढलेली ही पोरकी मुलगी पुढे सांगलीस येऊन राहिली. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ त्या सुमारास औषधोपचारासाठी सांगलीत होते. रस्त्याने जाताना त्यांनी मोगूबाईंचे गाणे ऐकले, ते घरात आले आणि शिकवू लागले. आपल्याला कोण शिकवीत आहे याची त्या मुलीला आरंभी कल्पनाही नव्हती, असे सांगितले जाते. संगीताच्या इतिहासात असे योग क्वचित येतात.

तथापि, हा योग टिकला नाही. खाँसाहेब मुंबईस गेले, त्यांच्यामागोमाग मोगूबाईही गेल्या. पण तेथे तालीम मिळेना. त्या काळी मोठ्या उस्तादांची विद्या ही त्यांच्या आश्रयदात्यांच्या आणि धनवान शागीर्दांच्या अटींनी बांधलेली असे. दुसऱ्या कोणास शिकवू नये, अशी अट घालणारेही असत. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि पाठीशी कोणी नाही, त्याने दारावर ताटकळत राहावे, हाच शिरस्ता. मोगूबाईंनी मग आग्रा घराण्याच्या बशीरखाँ व विलायत हुसेनखाँ यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले. अल्लादियाखाँचे धाकटे बंधू हैदरखाँ यांची तालीम मिळाली, पण तीही खंडित झाली. अखेर 1934 मध्ये अल्लादियाखाँनी त्यांना रीतसर गंडा बांधला. सांगलीत सुरू झालेले शिक्षण पुन्हा त्याच गुरूच्या चरणी येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

घराण्यांनी विद्या राखून ठेवली म्हणूनच ती शुद्ध राहिली, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. अनवट व जोड राग, आकाराची दमदार आलापी, लयीशी क्षणभरही फारकत न घेणारी बढत, ही जयपूर गायकीची वैशिष्ट्ये वर्षानुवर्षांच्या समोरासमोरच्या तालमीवाचून गळ्यात उतरत नाहीत, आणि अशी तालीम शंभर जणांना देता येत नाही, हे खरेच. परंतु पात्रता पाहून विद्या राखणे वेगळे आणि ऐपत पाहून राखणे वेगळे. मोगूबाईंच्या वाट्याला जी अडवणूक आली ती दुसऱ्या प्रकारची होती.

पुढील काळही सुखाचा नव्हता. 1939 मध्ये पती माधवदास भाटिया यांचे निधन झाले आणि तीन मुलांचा भार एकट्या मोगूबाईंवर पडला. मैफली आणि शिकवण्या यांवर त्यांनी घर चालविले. आईला कार्यक्रमांच्या संयोजकांकडून मिळालेल्या अवमानाच्या वागणुकीची आठवण किशोरी आमोणकरांनी पुढे अनेकदा सांगितली. मानधन, प्रवास, निवास आणि श्रोत्यांची शिस्त यांबाबत किशोरीताई कमालीच्या काटेकोर होत्या, आणि त्यापायी त्यांना तऱ्हेवाईक ठरविले गेले. त्या काटेकोरपणाचे मूळ कोठे होते हे दूषण देणाऱ्यांनी ध्यानात घेतले नाही.

मोगूबाईंची खरी थोरवी मात्र त्यांच्या अध्यापनात दिसते. जिला विद्येसाठी दारोदार फिरावे लागले, तिने आपले दार लावून घेतले असते तर तो मनुष्यस्वभावच मानला गेला असता. मोगूबाईंनी कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशा शिष्यांना घडविले. शिस्त कडक होती. एक जागा एकदोनदा गाऊन दाखवावी आणि शिष्याने ती उचलावी, ही रीत. पण आपल्या मुलीला भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकण्यास त्यांनीच पाठविले. घराण्याची निष्ठा म्हणजे घराण्याची भिंत नव्हे, हे त्यांनी व्याख्यान न देता कृतीने दाखविले. त्याच मुलीने पुढे जयपूर गायकीला भावाचे नवे परिमाण दिले, यात नवल ते काय?

मान मिळाले, पण उशिरा. 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1974 मध्ये पद्मभूषण. 10 फेब्रुवारी 2001 रोजी मोगूबाईंनी देह ठेवला.

आज उस्तादाच्या दारी ताटकळण्याची गरज फारशी उरलेली नाही. ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकता येतात, शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठांतून संगीत शिकविले जाते. तरीही एखाद्या खेड्यातील पोरक्या, निर्धन मुलीच्या गळ्यात असामान्य सूर असेल, तर दहा वर्षे निर्वेधपणे शिकता येईल एवढा आधार तिला कोण देणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. सांगलीच्या रस्त्याने एक अल्लादियाखाँ गेले, हा योगायोग होता. समाजाला आपल्या संगीताची चाड असेल, तर त्याने योगायोगावर विसंबून राहू नये.