रंगाआधीची मेहनत
स्कूटरच्या प्लॅस्टिक पॅनेलला हौसेनं नवा रंग दिला आणि एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटले, की आपण रंगाला नावं ठेवतो. दोष बहुधा तयारीचा असतो.

पॅनेल काढून आतली बाजू बघा. तिथं बारीक अक्षरं उठवलेली असतात. 'एबीएस' असेल तर प्लॅस्टिकचा प्रायमर पुरतो. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. उघड्या पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरतच नाही, आधी पकड देणाऱ्या खास प्रायमरचा पातळ हात लागतो.

धुणं घासण्याच्या आधी, नंतर नव्हे. चमक यावी म्हणून आपणच चोळलेलं सिलिकॉन पॉलिश पेपरबरोबर ओरखड्यांत शिरतं आणि रंगात बारीक गोल खळगे पडतात. म्हणून भांड्यांच्या साबणानं धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनरचा बोळा मात्र नको. एबीएस त्यानं मऊ पडतं, तडकतंसुद्धा.

जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडायची गरज नाही. ४०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून फिरवा, शेवटी ६०० चा. चकाकी सगळीकडे सारखी गेली की पुरे. कडा आणि खाचा कंटाळवाण्या खऱ्या, पण पापुद्रा तिथूनच सुटतो. पॅनेल पुरतं वाळल्यावर उघडी बोटं लावू नका.