‘तिचा हप्ता’ म्हणजे नक्की कुणाचा?

पानशेतला पावसाची झड लागली आहे, खाचरांत भाताची लावणी चालू आहे. हातातलं काम सोडू नका, नुसतं ऐका. आज आम्ही इंग्रजी व्याकरणातली एकच गोष्ट सांगणार आहोत. ‘व्याकरण? ते पोरांचं काम!’ असं म्हणू नका. याच व्याकरणापायी आमच्या गटातली एक बाई पंधरा दिवस थकबाकीदार दिसत होती.

झालं ते नावं बदलून सांगतो. मंगलताई सुनंदाताईंबरोबर गेल्या आणि त्यांनी आपला हप्ता भरला. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ही नोंद हौसेने इंग्रजीत लिहिली: ‘मंगल वेंट विथ सुनंदा अँड पेड हर इन्स्टॉलमेंट.’ पुढे हिशेब संगणकावर चढवणाऱ्याने ‘हर’ म्हणजे सुनंदा असं धरलं. सुनंदाताईंच्या नावावर दोन हप्ते लागले आणि मंगलताईंच्या नावापुढे बाकी. पावती जपून ठेवली होती म्हणून निभावलं.

मुलीचं इंग्रजी चुकलं नव्हतं. मग घोटाळा कुठे झाला?

तो, ती, ते, आपण ही सर्वनामं. नाव पुन्हा पुन्हा घ्यायला नको म्हणून ती नावाच्या जागी येतात. सर्वनाम म्हणजे शेळीचं दावं आणि मागे आलेलं नाव म्हणजे खुंटा. दावं कुठल्या खुंट्याला बांधलंय ते दिसलं पाहिजे. मराठीत आपल्याकडे ‘आपला’ हा भक्कम शब्द आहे. ‘मंगलने आपला हप्ता भरला’ म्हटलं की हप्ता मंगलचाच. ‘तिचा हप्ता भरला’ म्हटलं तर तो दुसरीचा असेल, अशी शंका येते. इंग्रजीत ‘आपला’ला असा वेगळा शब्द नाही. दोन्हीकडे ‘हर’च येतो. वाक्यात दोन बायका असल्या की ‘हर’ला दोन खुंटे मिळतात.

आता खुंटा ओळखायचा कसा, ते पाहू. पहिली गंमत कानाची. आपण म्हणतो, ‘ही माझी जाऊ.’ आपली ‘ही’ बाईची. इंग्रजीतला ‘ही’ मात्र पुरुषाचा. बाईसाठी ‘शी’, वस्तूसाठी ‘इट’, अनेकांसाठी ‘दे’. नव्याने शिकताना हमखास इथेच गोंधळ होतो, म्हणून एवढं पाठच करा.

दुसरी गोष्ट वस्तूंची. आपल्याकडे आंबी नदी ती, तोरणा किल्ला तो, पानशेतचं धरण ते. इंग्रजीत या तिन्हींना ‘इट’. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुढे ते पुन्हा बांधलं, हे सांगतानाही धरणाला ‘इट’च. बचत गटसुद्धा एक संस्था. गटाने ‘आपलं’ कर्ज फेडलं, असं अर्जात लिहायचं तर ‘इट’वरून आलेलं ‘इट्स’ वापरा.

तिसरी गोष्ट मानाची. सासूबाई आल्या, त्या बसल्या. बाई एकच, पण मान म्हणून आपण अनेकवचन वापरतो. मुलं तसंच इंग्रजीत नेतात आणि सरपंचबाईंना ‘दे’ लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, चार-पाच जणी आल्या होत्या. इंग्रजीत सासूबाई असोत की सरपंचबाई, एक बाई म्हणजे ‘शी’. त्यात अपमान नाही.

चौथी गोष्ट मालकीची. ‘तिचा मुलगा’ या शब्दांत ‘ति’ हे डोकं आईचं आणि ‘चा’ ही शेपटी मुलाची. मुलगी असती तर ‘तिची’ झालं असतं. इंग्रजीत शेपटी नाही, नुसतं डोकं आहे. मालकीण बाई असेल तर ‘हर’, मालक पुरुष असेल तर ‘हिज’. मग पुढे मुलगा येवो, मुलगी येवो की म्हैस येवो.

आता नियमांच्या कागदाकडे वळू. ‘प्रत्येक सभासदाने आपला हप्ता वेळेवर भरावा.’ आपल्या ‘आपला’मध्ये बाई-पुरुष दोघे मावतात. जुन्या इंग्रजी नियमांत मात्र अशा ठिकाणी ‘हिज’ लिहीत. पुष्कळ जणी विचारतात, मग तो नियम बायकांना लागू होतो का? होतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ प्रमाणे केंद्राच्या कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत, संदर्भ वेगळा नसेल तर, स्त्रियाही धरल्या जातात. म्हणून कायद्यात ‘ही’ दिसला की ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून मागे फिरू नका. हल्ली अशा ठिकाणी ‘हिज ऑर हर’ किंवा एकासाठीही ‘देअर’ लिहितात. आपला गट निव्वळ बायकांचा असेल, तर सरळ ‘हर’ लिहा.

पण तुमच्या स्वतःच्या दाखल्यात, अर्जात किंवा प्रतिज्ञापत्रात तुमच्या नावापुढे ‘ही’ किंवा ‘हिज’ पडलं असेल, तर ते चालवून घेऊ नका. तिथे खुंटा तुमच्या नावाचा आहे. सही किंवा अंगठा करण्याआधी कागद वाचून घ्या आणि दुरुस्त करून मागा.

आणि मंगलताईंचा हप्ता? आता आमच्या वहीत ठरलंय, वाक्यात दोन बायका आल्या की सर्वनाम लिहायचं नाही, नाव लिहायचं. ‘मंगल पेड मंगल्स इन्स्टॉलमेंट.’ कानाला बोजड लागतं, पण पैशाच्या नोंदीत बोजड चालेल, मोघम चालणार नाही.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या घरात हे शिकणारं कुणीतरी असेलच. आज संध्याकाळी त्याला किंवा तिला गटाची वही घेऊन शेजारी बसवा. जिथे ‘ती’, ‘तिचा’, ‘त्यांनी’ आलं असेल तिथे बोट ठेवून विचारा, ‘म्हणजे कोण?’ उत्तर लगेच आलं तर पुढे जा. अडखळलं, तर तिथे नाव लिहा.

भेटू पुढच्या आठवड्यात. येताना वहीतलं एक अडलेलं वाक्य घेऊन या, आपण मिळून सोडवू.