डोव्हर बंदर सोडतांना

विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपुरास छापलें गेलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांच्या घरची प्रस्थानाची तयारी मात्र क्वचितच कोणी सांगतो. पत्नी डोरोथी गरोदर होती. तिनें येण्यास साफ नकार दिला. तिला भित्री म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. कॅरे थोरल्या फेलिक्सला घेऊन जहाजावर चढले, पण कंपनीचा परवाना नसल्यामुळें त्यांना उतरावें लागलें! या खोळंब्यांत बाळ जन्मलें होतें. अखेर, बहीण सोबत येईल या अटीवर, डोरोथीनें होकार दिला. घाईघाईनें सामान बांधून चार मुलांसह हें कुटुंब १३ जून १७९३ रोजीं डॅनिश जहाजानें निघालें आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोंचलें. पुढल्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर वारला. डोरोथीचें चित्त भ्रमलें. १८०७ सालीं ती श्रीरामपुरासच निवर्तली.