घरच्या घरी भाज्यांची तहारी कशी कराल? पाण्याचं गणित आणि पाहुण्यांचं पथ्य

ईदला किंवा इफ्तारला शेजारी आणि ऑफिसातले मित्र घरी येणार असतात. त्यातले दोघं-तिघं मांसाहार करत नाहीत. मग घरातून हमखास एक सूचना येते, "बिर्याणीतल्या बोट्या बाजूला काढू आणि त्यांना नुसता भात वाढू." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, फक्त घाई असते. पण तो भात शाकाहारी होत नाही. मटणाचा रस आणि चरबी दाण्यादाण्यात मुरलेली असते. पाहुण्याला न सांगता तो वाढणं ही त्याची फसवणूकच. आणि तसं करायची गरजही नाही. आपल्या दस्तरखानावर यासाठी जुना, ओळखीचा पदार्थ आहे, तो म्हणजे तहारी.

उत्तर प्रदेशात, विशेषतः लखनौच्या बाजूला, हिवाळ्यात बटाटा, फुलकोबी आणि मटार घालून पिवळी तहारी होते. मुस्लिमांकडेही होते, कायस्थांकडेही होते. हैदराबादेत मात्र तहारी म्हटलं की बहुतेक लोक मटणाची समजतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इकडच्या मुस्लिम घरांत तहारी आणि बगारा खाना हे दोन्ही शब्द ओळखीचे आहेत. बगाऱ्यात भाज्या नसतात, तो खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात, सोबत दालचा. मांसाशिवाय भाताचा पदार्थ करणं हे काही आजचं खूळ नाही. सोळाव्या शतकात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातले पदार्थ तीन वर्गांत मांडले, त्यातला पहिला वर्ग बिनमांसाचा आहे. तिथल्या खिचडीत तांदूळ, मुगाची डाळ आणि तूप तिन्ही सारख्या वजनाने सांगितलंय. (तुपाचं हे प्रमाण घरी करून बघू नका!)

तर मग तहारी बिघडते कुठे? बहुतेक वेळा पाण्यात. बिर्याणीचा तांदूळ आपण भरपूर पाण्यात अर्धा-पाऊण शिजवतो, पाणी ओतून देतो आणि मग थर लावतो. तहारीत सगळं एकाच पातेल्यात शिजतं आणि जेवढं पाणी घातलं तेवढं भातालाच प्यावं लागतं. जास्त झालेलं पाणी काढून टाकायची सोय नाही. त्यात भाज्या स्वतःचं पाणी सोडतात. टोमॅटो, दही, फ्रीजरमधले मटार ही सगळी पाण्याचीच रूपं आहेत, पण मोजताना आपण ती धरत नाही. मी पहिल्यांदा एकटीने तहारी केली तेव्हा तांदळाच्या दुप्पट पाणी, वर चार टोमॅटो आणि वाटीभर दही घातलं होतं. घरच्यांनी ती चमच्याने खाल्ली, खिचडी समजून.

चार-पाच माणसांसाठी दोन वाट्या तांदूळ घ्या. बासमती असेल तर धुऊन अर्धा तास भिजवा आणि चाळणीत पूर्ण निथळा. भिजलेला दाणा आधीच पाणी प्यालेला असतो, म्हणून उघड्या पातेल्यात दीडपट, म्हणजे तीन वाट्या पाणी पुरतं. कोलम असेल तर वीस मिनिटं भिजवून साडेतीन ते चार वाट्या. दोन टोमॅटो आणि अर्धी वाटी दही घालणार असाल तर यातून अर्धी वाटी पाणी कमी करा. कुकरमध्ये वाफ फारशी बाहेर जात नाही, तिथे आणखी पाव वाटी कमी. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी, त्यामुळे नवीन पोतं उघडलं की पहिल्या वेळी जरा हात आखडूनच पाणी घाला. इंद्रायणी आणि आंबेमोहोर वरण-भाताला उत्तम, पण ते मऊ आणि चिकट होतात. तहारीला नकोत.

आता कृती. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल आणि एक चमचा तूप तापवा. शहाजिरं, तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि तीन-चार हिरव्या वेलच्या घाला. मसाल्याचा वास तेलातच नीट उतरतो, म्हणून पाणी घातल्यावर मसाला टाकण्यात अर्थ नाही. दोन कांदे उभे चिरून बदामी होईपर्यंत परता. कांदा काळपट झाला तर सगळा भात कडवट लागतो. मग एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण, चिरलेल्या हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद आणि हवं तर लाल तिखट.

भाज्या एकदम टाकू नका. आधी बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि गाजर, पाच मिनिटं झाकण ठेवून. टोमॅटो त्यानंतरच. आंबट पदार्थात बटाटा लवकर मऊ होत नाही, आणि भात तयार पण बटाटा कच्चा, ही तक्रार बरेचदा इथूनच येते. दही घालताना आच मंद करा, नाहीतर ते फाटतं. फुलकोबीचे तुरे वेगळे तेलात परतून घ्या आणि तांदळासोबत घाला, नाहीतर ते विरघळून जातात. मटारही तेव्हाच.

मग उकळतं पाणी, मीठ, पुदिना-कोथिंबीर. पाणी चाखून बघा, ते किंचित खारट लागायला हवं. तांदूळ मीठ ओढून घेतो. तांदूळ घातल्यावर एकदाच हलक्या हाताने हलवा आणि नंतर कालथा बाजूला ठेवा, वारंवार हलवलं की दाणा मोडतो आणि भात चिकट होतो. पाणी भाताच्या पातळीला आलं की झाकण घट्ट लावा, पातेल्याखाली तवा सरकवा आणि मंद आचेवर बारा मिनिटं दम द्या. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. सगळ्यांना भूक लागलेली असते, पण थांबा. सोबत कचुंबर आणि दह्याची चटणी.

पाहुण्यांसाठी करत असाल तर पातेलं, झारा, तेल सगळं वेगळं असू द्या. कबाब तळून उरलेलं तेल यात चालणार नाही, यखनीही नाही, चिकनच्या चवीची तयार वडी तर नाहीच. वाढायचा चमचाही बिर्याणीच्या भांड्यातून इकडे येऊ नये, आणि दावतीत नेमकी हीच गोष्ट हातून निसटते. भांडं दस्तरखानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं की अर्धा प्रश्न मिटतो. जैन मित्र असतील तर कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर वगळा, हिंग, मटार आणि ढोबळी मिरची घाला, आणि आधी विचारून घ्या, कारण प्रत्येक घराचं पथ्य वेगळं असतं. एकादशी असेल तर अनेक हिंदू घरांत भातच खात नाहीत. त्या दिवशी तहारीऐवजी भगर करा.

रमजानमध्ये इफ्तारला उरलेली तहारी सहरीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडायला हवी. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की जीवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, त्यामुळे "चांगला गरम करून खाऊ" हा उपाय इथे लागू पडत नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर गार करा, तास-दीड तासात झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि सहरीला लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम करा. एकदा गरम केलेला पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका.