ढगातून बाहेर पडण्याची जकात

ढगातला कारभार : लेखांक ११

नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांना वीज कुठून येते, हा मागच्या आठवड्यात कबूल केलेला विषय आज येणार नाही. कुपवाड एमआयडीसीतून आलेल्या एका फोननं तो मागं ढकलला. फोन करणारे गृहस्थ पंपांचे सुटे भाग बनवतात. कामाला अठरा माणसं, हिशेब टॅलीवर. दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका संगणकवाल्यानं त्यांचं टॅली ‘क्लाउडवर टाकून’ दिलं, माणशी महिन्याच्या भाड्यानं. आता मालक पुण्याला मुलाकडे गेले तरी मोबाइलवर उधारी बघतात, सीए आपल्या ऑफिसात बसून जीएसटीचं रिटर्न भरतात. तक्रार काहीच नव्हती. प्रश्न होता : “दहा लेख झाले साहेब. आत कसं जायचं ते तुम्ही सांगितलंत. पण उद्या या माणसाशी पटलं नाही, तर बाहेर कसं पडायचं?”

दहा लेखांत हा प्रश्न लेखकाला सुचला नव्हता, ही कबुली आधीच दिलेली बरी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांची जी रांग लागायची, ती शहरात शिरणाऱ्या मालाची. क्लाउडचा नाका मात्र उलट्या तोंडानं बसलेला आहे. माल आत आणा, कुणी पावती फाडत नाही. बाहेर न्यायला निघालात की हात पुढे येतो. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्राचं दरपत्रक बघा. डेटा आत टाकायला शून्य. एस-३ या नेहमीच्या कोठारात ठेवायला महिन्याला जीबीमागे अडीच सेंट. आणि इंटरनेटवरून बाहेर काढायला, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर, जीबीमागे जवळपास ११ सेंट. म्हणजे चार महिने माल सांभाळण्याचं जेवढं भाडं, त्याहून जास्त तो एकदा दाराबाहेर काढण्याचं. बिलात ही ओळ ‘डेटा ट्रान्सफर आउट’ नावानं येते आणि बऱ्याच लहान कंपन्यांना तिची ओळख पहिलं मोठं बिल आल्यावरच होते. केबल त्याच, यंत्रं तीच. फरक फक्त दिशेचा.

या एकाच दिशेच्या व्यवहाराचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे स्नोमोबाइल. २०१६ च्या अखेरीस लास व्हेगासमधल्या आपल्या वार्षिक मेळाव्यात ॲमेझॉननं चक्क एक ट्रक मंचावर आणला. मागे ४५ फुटी कंटेनर, आणि त्यात १०० पेटाबाइट, म्हणजे १० कोटी जीबी डेटा मावेल एवढी कोठारं. कंपन्यांकडे डेटा इतका साठलेला असतो की तारेवरून पाठवायला वर्षं लागतील. त्यापेक्षा ट्रक दारात उभा करा, भरा आणि चालू लागा, अशी ही कल्पना. उपग्रहांनी काढलेली पृथ्वीची छायाचित्रं विकणाऱ्या डिजिटलग्लोब कंपनीनं आपला सगळा जुना संग्रह या ट्रकमधून ॲमेझॉनकडे नेला. लेखकाला या ट्रकचं वेड होतं. त्याचा फोटो बरेच दिवस टेबलासमोर चिकटवलेला होता. मग एकदा ॲमेझॉनच्याच प्रश्नोत्तरांत बारीक अक्षरातली ओळ दिसली : स्नोमोबाइल डेटा आणण्यासाठी आहे, परत नेण्यासाठी नाही. परत न्यायचा असेल तर स्नोबॉल वापरा.

स्नोबॉल म्हणजे साधारण २२ किलोची राखाडी पेटी, मोठ्या सूटकेसएवढी. तिची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पेटीवर कुरिअरचा पत्ता कागदावर चिकटवलेला नसतो. किंडलवर असतो तसा छोटा पडदा बसवलेला असतो; काम संपवून पेटी बंद केली की त्यावर परतीचा पत्ता आपोआप उमटतो. २०१५ साली आलेल्या पहिल्या पेटीत ५० टेराबाइट मावत. अशा दोन हजार पेट्या भरल्या की एक ट्रक रिकामा होतो. हे आपलं जाता जाता केलेलं गणित; एवढ्या पेट्या कुणी मागवल्याचं ऐकिवात नाही. ट्रकची सेवा २०२४ मध्ये बंद झाली.

तरी बाहेर पडणारे पडले. ड्रॉपबॉक्स ही कंपनी वाढली ती ॲमेझॉनच्या कोठारावर. पण लोकांच्या फायली सांभाळणं हाच ज्याचा धंदा, त्यानं कोठार भाड्यानं किती दिवस वापरायचं? २०१६ पर्यंत तिनं ग्राहकांचा ९० टक्क्यांहून जास्त डेटा स्वतःच्या यंत्रांवर आणला. २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना दाखल केलेल्या कागदपत्रांत याचा हिशेबही आहे : दोन वर्षांत ७ कोटी ४६ लाख डॉलरची बचत. दुसरं उदाहरण ‘बेसकॅम्प’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्सचं. तिचे एक मालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं की आम्ही क्लाउड सोडतोय. त्या वर्षीचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. सुमारे ७ लाखांचे सर्व्हर विकत घेतले आणि दोन वर्षांत बिल १३ लाखांवर आलं. कोठारातला डेटा हलवायची वेळ आली, तेव्हा ॲमेझॉननं त्यांची अडीच लाख डॉलरची जकात माफ केली.

ही दोन नावं क्लाउडविरोधी मंडळी जपमाळेसारखी फिरवतात. त्यांनी तिसरं नावही घ्यावं. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस कंपनीला ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्या धक्क्यानंतर तिनं आपलं बिऱ्हाड ॲमेझॉनकडे हलवायला घेतलं, ते जानेवारी २०१६ मध्ये पुरं झालं. सात वर्षं. इतका वेळ डेटा वाहून न्यायला लागला नाही. सगळी प्रणाली क्लाउडच्या स्वभावाप्रमाणे नव्यानं लिहायला लागला. जे आत जाताना लागतं, ते बाहेर येतानाही लागतं. एखाद्या कंपनीनं आपला सगळा व्यवहार ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसवर बांधला, की तो डेटा फुकट परत मिळाला तरी ठेवायचा कुठं? डायनॅमोडीबी ॲमेझॉनशिवाय कुणाकडे भाड्यानंही मिळत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणारा सुखी, कारण तो कुठल्याही यंत्रावर चालतो.

जकात दिसते म्हणून तिच्याबद्दल बोललं जातं. जखडणारी गोष्ट म्हणजे क्लाउडशी घातलेली ही जुळणी, आणि तिची ओळ कुठल्याच बिलात नसते.

जकातीचे दिवस तसेही भरत आलेत. जानेवारी २०२४ मध्ये गूगलनं जाहीर केलं की कायमचा निरोप घेणाऱ्या ग्राहकाकडून डेटा नेण्याचे पैसे घेणार नाही. मार्चमध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट त्याच वाटेनं गेले. हा उदारपणा अचानक सुचलेला नव्हे. युरोपीय संघाचा डेटा कायदा दारात उभा होता. तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि १२ जानेवारी २०२७ पासून एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या ग्राहकाकडून हलवण्याचं शुल्कच घेता येणार नाही. माफी आहे ती फक्त घर सोडणाऱ्याला. घरात राहून रोजचा माल बाहेर पाठवणाऱ्याचं मीटर चालूच आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. बँकांपुरती शिस्त आहे : रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३ मध्ये काढलेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेले निर्देश सांगतात की, संगणकसेवा बाहेरून घेताना त्यातून बाहेर पडण्याची योजनाही तयार असली पाहिजे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी आणखी एक नियम आहे, आणि तो फार थोड्या कारखानदारांना ठाऊक असतो. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार संगणकावर ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यावा लागतो. आधी तो ‘ठरावीक काळानं’ चालत होता. कुपवाडच्या गृहस्थांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. सांगलीचा संगणकवाला हा बॅकअप कुठं ठेवतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

कधीकधी दार तिसराच कुणी लावतो. गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेली आणि मुख्यालय मुंबईत असलेली नायरा एनर्जी आठवत असेल. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा निम्म्याच्या जवळपास हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. अमेरिकी कंपनी, युरोपचा निर्बंध, मुंबईतले कर्मचारी आणि बंद पडलेल्या ईमेल पेट्या. नायरानं दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, मग सेवा पूर्ववत झाल्या. भाडं थकलेलं नव्हतं, भांडण झालेलं नव्हतं.

आणि कधी दार, भिंती, छप्पर सगळंच एका चुकीनं नाहीसं होतं. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा निवृत्तिवेतन निधी, सहा लाखांवर सभासद. मे २०२४ मध्ये गूगलच्या क्लाउडवरचं त्याचं खासगी बिऱ्हाड पुसलं गेलं. खातं उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्रणेनं ‘मुदत एक वर्ष’ असा लावला आणि मुदत संपताच सगळं काढून टाकलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही गेल्या, कारण दोन्ही त्याच खात्याच्या होत्या. निधी वाचला तो दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे. तरीही सभासदांना आपली खाती बघायला आठवड्याभराहून जास्त थांबावं लागलं.

इथून पुढं धंदे क्लाउड सोडून घाऊक परत येतील, असं लेखकाला वाटत नाही. ड्रॉपबॉक्सएवढा डेटा आणि तो सांभाळणारे इंजिनिअर कुणाकडे आहेत? कुपवाडच्या कारखान्यानं सर्व्हर विकत घेऊन एसीच्या खोलीत ठेवावा, हा सल्ला कुणी देत असेल तर तो सर्व्हर विकणारा असणार. बदल होईल तो करारात. आजवर किंमत, वेग आणि ‘किती नऊ’ (म्हणजे सेवा किती टक्के वेळ चालू राहील) यांवर घासाघीस व्हायची. आता सोडून जाण्याचं कलमही टेबलावर येईल, आणि ते आधी बँका, मग त्यांना माल पुरवणारे, मग बँकांकडून कर्ज घेणारे असं खाली झिरपत येईल. आपल्याकडे त्याला पाच-सात वर्षं लागतील असा अंदाज आहे. चुकला तर वाचकांनी आठवण करून द्यावी.

तोवर कुपवाडच्या प्रश्नाचं काय? त्या गृहस्थांचा सगळा डेटा जेमतेम २ जीबी. पेन ड्राइव्हवर मावतो, त्याला ना जकात ना ट्रक. त्यांना लेखकानं विचारायला सांगितलं ते वेगळंच : टॅलीचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे, वेबसाइटचं डोमेन कुणी नोंदवलंय? लहान धंद्यांत ही तिन्ही नावं बहुतेक वेळा संगणकवाल्याचीच निघतात. लबाडी नसते त्यात. मालकाला वेळ नसतो, ओटीपी संगणकवाल्याच्याच मोबाइलवर येऊ दे म्हणतो. शिवाय, संबंध गोड आहेत तोवरच एका रविवारी सगळा डेटा मागून घ्यावा, दुसऱ्या संगणकावर उतरवावा आणि मार्चअखेरचा ट्रायल बॅलन्स जुळतो का बघावा.

गृहस्थांनी गेल्या रविवारी हा प्रयोग केला आणि सोमवारी फोन आला. संगणकवाल्यानं कुरकुर न करता तासाभरात बॅकअप पाठवला होता. लायसन्स मालकांच्याच नावावर निघालं, डोमेन मात्र नाही. कारखान्यातल्या जुन्या संगणकावर बॅकअप उघडला नाही, कारण त्यावर टॅलीची जुनी आवृत्ती आहे आणि नव्या आवृत्तीतला डेटा जुनीत उघडत नाही. येत्या रविवारी ते पुन्हा बसणार आहेत. ज्या वाचकांनी असा प्रयोग करून पाहिला असेल त्यांनी काय अडलं ते जरूर कळवावं. नवी मुंबईची वीज पुढच्या आठवड्यात, या वेळी नक्की.