विडीचे पान

भिलाई म्हटले, की १९५९ साली पेटलेली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी आठवते. परंतु या नगराच्या दक्षिणेस व पश्चिमेस पसरलेल्या वनांत उन्हाळ्यात खरे मोल असते ते एका पानाला. हे पान तेंदूचे. मराठीत या वृक्षास टेंभुर्णी म्हणतात. छत्तीसगढात या पानाला 'हिरवे सोने' असे नाव पडले आहे, कारण त्यातच तंबाखू गुंडाळून विडी वळतात.

वेष्टनाचे पान धुराची चव पालटविते, हे चिरूट ओढणारे पूर्वीपासून जाणतात. चिरुटाचे बाहेरील पान तंबाखूचेच असते. कापडाच्या सावलीत वाढविलेले पान पातळ व सौम्य उतरते. उन्हात वाढलेले जाड, गडद व उग्र. तेंदूचे पान तंबाखूचे नव्हे. मग त्याचीच निवड का व्हावी? आपट्याच्या पानांच्याही विड्या वळतात. परंतु दसऱ्याचे ते सोने या सोन्यापुढे फिकेच पडते. तेंदूचे पान वाळले तरी भिजविताच मऊ होते, वळताना फाटत नाही, लवकर कुजत नाही आणि त्याचा सौम्य स्वाद तंबाखूवर मात करीत नाही.

अर्थात प्रत्येक पान उपयोगी पडत नाही. जुन्या वृक्षाची पाने चामट असतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटतात. सुमारे दीड महिन्यात नव्या फुटव्यांना मोठी, लवचीक पाने येतात. ती खुडून पन्नास पानांची एक जुडी बांधतात. अशा एक हजार जुड्यांचे एक प्रमाण पोते होते. जुड्या फडावर उन्हात वाळत असताना अवकाळी पाऊस आला, तर पाने डागाळतात व वनवासी कुटुंबांचे श्रम वाया जातात. पूर्वीच्या मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्याने हा व्यापार शासनाच्या हाती आला.

मात्र ज्या घट्ट पोताने पान टिकते, त्याचाच एक दुष्परिणाम आहे. कागदातून जशी हवा आत शिरते तशी या पानातून शिरत नाही. त्यामुळे विडी वरचेवर ओढावी लागते, नाही तर ती विझते. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळच कमी, सुमारे पाव ग्रॅम किंवा त्याहूनही थोडी असते. तरीही तिच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड मोजणीत बहुधा अधिकच आढळले आहे. पान वनातले, म्हणून विडी निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनाही तोंडाचा व फुप्फुसाचा कर्करोग चुकत नाही.